दोन-तीन एकरांच्या वावराला काय परवडेल? जुना मिनी ट्रॅक्टर, पॉवर टिलर, बैलजोडी की भाड्याचा ट्रॅक्टर

तूर निघाली, पऱ्हाटीची उलंगवाडी झाली, म्हणजे कपाशीची शेवटची वेचणी उरकली, की ओलिताची सोय असलेल्या शेतकऱ्याकडे उन्हाळी भाजीपाल्यासाठी मोजकेच दिवस उरतात. भेंडी, गवार, चवळी, ढेमसे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरले गेले, तर एप्रिलचे कडक ऊन लागण्याआधी तोडे सुरू होतात. त्यामुळे यंत्राची किंमत मी नंतर बघतो. वाफसा येईल, म्हणजे माती मशागतीजोगी ओलसर असेल, त्या दिवशी ते यंत्र तुमच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे असेल का, हे आधी ठरवा.

काळी जमीन कोणासाठी थांबत नाही. ओलवणीनंतर, म्हणजे पेरणीआधी पाणी दिल्यावर, घाई करून ओल्यात रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार) घातला, तर वरून माती भुसभुशीत दिसते आणि पात्यांच्या खाली घट्ट थर बसतो. मुळ्या आणि पाणी तिथेच अडतात. उशीर झाला तर ढेकळे निघतात, ती वाफ्यात फोडता फोडता माणूस थकतो.

भाड्याचा मोठा ट्रॅक्टर हिशेबाने सगळ्यात स्वस्त. सहा फुटी रोटाव्हेटर तासाभरात एकर उरकतो. पण ट्रॅक्टरवाला आधी दहा एकरवाल्याकडे जातो आणि तुमचा अर्धा एकर शेवटी येतो. त्यात त्याची चूक नाही, त्यालाही डिझेल परवडले पाहिजे. तरी खोल नांगरणी आणि श्रेडरने पऱ्हाट्यांचा चुरा करणे ही कामे भाड्यानेच करून घ्या. पंधरा एचपीच्या (अश्वशक्तीच्या) मिनीकडून ती होत नाहीत, आणि करायला लावली तर इंजिनाचे आयुष्य घटते.

बैलजोडी दारात असेल, घरचे कुटार (भुसा) असेल आणि हाकायला माणूस असेल, तर ती विकू नका. कोरडवाहू कपाशीत डवरणीला, म्हणजे ओळींमधल्या कोळपणीला, तिच्याइतके नेमके काम कोणी करत नाही, शिवाय शेणखत मिळते. नव्याने जोडी घेण्याचा विचार असेल, तर बारा महिन्यांचा चारा आणि ढेप आधी मोजा.

पॉवर टिलर भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत शोभतो. बांधी लहान, चिखल खोल, आणि यंत्र हलके. वऱ्हाडातल्या कडक जमिनीत मात्र दोन फूट रुंदीने एक एकर करायला त्याच्यामागे साडेसहा किलोमीटरांहून जास्त चालावे लागते, तेही हाताला सतत हादरे सोसत. घरातले वडीलधारे शेती बघत असतील तर मी तो सुचवणार नाही. त्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: नव्या टिलरला महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून अनुदान मिळू शकते. फक्त पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करा. जुन्या यंत्राला हा लाभ नाही.

आता जुना मिनी. महिंद्रा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे दोन्ही १५ एचपीचे, एका सिलिंडरचे. कुबोटा बी२४४१ हा २४ एचपीचा, तीन सिलिंडरचा, चारही चाकांना जोर देणारा. नुसता भाजीपाला आणि शेणखताची लहान ट्रॉली असेल तर पहिले दोन पुरेत. तीन फुटी रोटाव्हेटरने एकराला साधारण अडीच तास लागतात, पण दिवस तुमच्या हातात राहतो. १८ बाय १८ फुटांवरचा संत्रा असेल आणि फवारणीचा ब्लोअर चालवायचा असेल तर जास्त ताकदीचाच बघा. संत्र्याच्या झाडाखाली मशागत वरवरचीच ठेवा, त्याच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या वरच्या थरात असतात.

जुना ट्रॅक्टर कुठून येतो त्यावर त्याची दुखणी ठरतात. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातला असेल तर तो बहुधा ब्लोअरवर राबलेला. पीटीओ शाफ्ट (अवजाराला इंजिनाची ताकद देणारा मागचा दांडा), तिथले ऑइल सील आणि आवाज नीट तपासा. धानपट्ट्यातला असेल तर चिखलणीत एक्सलमध्ये पाणी शिरले आहे का बघा. ऑइल दुधाळ दिसले तर परत फिरा.

बघायला सकाळी जा आणि आधी इंजिनाला हात लावा. ते गरम असेल तर थंड स्टार्टची अडचण लपवली जात असू शकते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर खर्च मोठा. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण उघडा, आतून जोरात वाफा येत असतील तर रिंगा झिजल्या आहेत. रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करा, तो भराभर खाली बसला तर हायड्रॉलिक गळते. तासांच्या मीटरवर विसंबू नका, पेडलचे रबर आणि टायर बघा.

आरसीवरचा (नोंदणी पुस्तकावरचा) इंजिन नंबर व चासी नंबर प्रत्यक्ष जुळवा. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे नूतनीकरण लागते. कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत) आणि कर्जाचा बोजा उतरवणारा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्याचा मालक त्याआधीच्या किमतीवरून भाव सांगत असेल तर नव्याचे आजचे कोटेशन त्याच्यासमोर ठेवा.

ओलित नसेल, नुसती कपाशी-तूर असेल, तर मिनी घेऊ नका, भाड्यानेच भागवा. विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकत असेल आणि अर्धा एकर तरी भाजीपाला किंवा बाग असेल, तर चांगला जुना मिनी घ्या, मात्र रोटाव्हेटर आणि सरी यंत्रासह, कारण नुसता ट्रॅक्टर घेऊन अवजारे मागाहून घ्यायची म्हटली की हंगाम निघून जातो. आणि सौदा ठरण्याआधी तो विक्रेत्याच्याच वावरात रोटाव्हेटर लावून अर्धा तास चालवून बघा. विक्रेता याला नाही म्हणत असेल, तर दुसरा ट्रॅक्टर शोधा.