गंज दाखवून गाडी विकणारा

शिकण्यासाठी जुनी गाडी घेणाऱ्याला फसवणं सोपं जातं, कारण तो गंजलेलीच गाडी शोधत असतो. वापरायला गाडी घेणारं गिऱ्हाईक रंगावर फोड दिसला की मागे सरतं. आमच्यासारख्यांना तोच फोड बघून हुरूप येतो. हे पुरतं ओळखून असलेल्या एका विक्रेत्याने मला आणि माझ्या मुलीला एक हेराल्ड विकली. त्याची पद्धत इतरांना कळावी म्हणून सविस्तर लिहितोय. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, त्यामुळे नाव लिहीत नाही.

हेराल्डच का, ते आधी सांगतो. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. माझं आयुष्य कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत गेलं. ओतकाम कळतं, पत्र्याचं काम येत नाही. दोघांनी मिळून एक गाडी शेवटच्या बोल्टपर्यंत खोलायची आणि वेल्डिंग, वायरिंग, इंजिन सगळं आपल्या हाताने करायचं, असा बेत होता. त्यासाठी हेराल्डइतकी सोयीची गाडी नाही, असं मला आजही वाटतं. ट्रायम्फने ती १९५९ साली इंग्लंडात काढली, रूप दिलं इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने. तोवर बाकीच्या लहान गाड्या चॅसी, म्हणजे खालचा वेगळा लोखंडी सांगाडा, सोडून एकसंध बॉडीकडे वळल्या होत्या. हेराल्डला मात्र वेगळी चॅसी ठेवावी लागली, कारण बॉडी बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीच्या ताब्यात गेला होता. मग बॉडीचे भाग निरनिराळ्या ठिकाणी बनवायचे आणि चॅसीवर बोल्टने आवळायचे, असं ठरलं. त्या अडचणीतून शिकणाऱ्याच्या भल्याची गाडी तयार झाली. मडगार्डसकट अख्खं बॉनेट पुढे उलटतं आणि पुढच्या चाकावर बसून इंजिनचं काम करता येतं. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने ती आपल्याकडे ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून बनवली, म्हणून आजही जुने मिस्त्री तिला नीट ओळखतात.

हेराल्डचं छतही बोल्टनेच बसवलेलं असतं. पुढे काचेच्या चौकटीवर आणि मागे डिकीच्या पुढच्या पट्टीवर. स्पॅनर घेऊन बसलं तर साध्या हेराल्डचं छत उतरवता येतं आणि वेगळी चॅसी असल्यामुळे गाडी लगेच मधून वाकत नाही. त्यामुळे टपाची, म्हणजे उघडता येणाऱ्या कापडी छताची हेराल्ड समोर आली, तर ती कारखान्यातूनच तशी निघाली की नंतर कुणी छत काढून तशी केली, हा पहिला प्रश्न विचारावा लागतो. दोन्हींच्या किमतीत मोठं अंतर आहे. कागदोपत्री तर त्याहून मोठं.

मुंबईच्या एका उपनगरात या माणसाची शेड आहे. बाहेर व्हिंटेज गाड्यांची पाटी, आत जुन्या गाड्या रांगेने. माणूस बोलायला अतिशय नम्र. गाडी १९६० च्या दशकातली, इंग्लंडहून एका वकिलातीतल्या अधिकाऱ्याने आणलेली, कारखान्यातूनच टपाची, ११४७ सीसीची, असं त्याने सांगितलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही दिलं. मग तो आपणहून गाडीचे दोष दाखवायला लागला.

“काका, मी खोटं बोलणार नाही. हे बघा, दार खालून कुजलंय. डिकीचा तळ गेलाय. ताईंना शिकायचंय ना, मग हे पाहिजेच.”

त्याने स्वतः मुलीच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला आणि दाराच्या खालच्या कडेला टोचायला लावलं. तो आरपार गेला. पुढे डिकीच्या तळाला टोचायला लावलं, तिथेही गेला. सगळी फसवणूक या दोन भोकांत होती. कुठे टोचायचं ते त्याने ठरवलं होतं. दार आणि डिकीचा तळ बदलता येतो, त्याने गाडी मोडत नाही. ती दोन ठिकाणं उघडी ठेवून बाकी सगळं त्याने झाकलं होतं. जो माणूस एवढे दोष तोंडाने सांगतो तो आणखी काही लपवत असेल, असं समोरच्याच्या मनात येत नाही, आणि याच भरवशावर त्याचा धंदा चालतो. विसार देऊन व्यवहार ठरला, ३ लाख ८० हजारांना.

टपाची लोखंडी फ्रेम क्रोमला दिली आहे असं तो म्हणाला. ती मागाहून येणार होती, नव्या कापडासकट ६५ हजारांत. मूळ आरसी बुक एजंटकडे होतं, सध्या झेरॉक्स घ्या म्हणाला.

गाडी कोल्हापुरात आली. मुलीने आधी आतला गालिचा काढला. खाली जाड काळा डांबरासारखा थर होता. तो खरवडला तेव्हा ड्रायव्हरच्या सीटखाली तेलाच्या डब्याचा पत्रा रिबेट मारून बसवलेला निघाला, त्यावरची छापील अक्षरंही पुसलेली नव्हती. सीटचे बोल्ट त्या पत्र्यात धरलेले. या सीटवर बसून माझी मुलगी हायवेला गेली असती, हा विचार आला की अजून अंगावर काटा येतो.

उद्यमनगरातले एक जुने डेंटर बघायला आले. त्यांनी हातरुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक मागच्या मडगार्डवरून फिरवलं. ते कुठेच धरेना. मग बोटांच्या पेरांनी वाजवत गेले. “ही गाडी न्हाई सायेब, ह्यो गणपती घडवलाय,” एवढंच म्हणाले आणि ग्राइंडर लावायला सांगितला. चाकाच्या कमानीवर कुठेकुठे बोटभर जाड पुट्टी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप होता. पुट्टी दिसायला दगडासारखी असली तरी ओलावा पिते, म्हणून तिच्याखाली उरलेला पत्रा आणखी झपाट्याने जातो. मुंबईच्या खाऱ्या हवेत तर विचारूच नका.

पुट्टी निघाली, पत्रा नाही असं कळलं, इथवर ठीक होतं. पत्रा घालता येतो. खरा धक्का चॅसीने दिला. हेराल्डच्या चॅसीत मधून दोन मुख्य बीम जातात. त्यांना दोन्ही बाजूंनी हात फुटतात, त्यांना आउटरिगर म्हणतात, आणि बॉडीच्या कडांचा भार या हातांवर असतो. ते आतून पोकळ असतात, त्यात चिखलपाणी साचून ते आतूनच कुजतात. जगभरात हेराल्डवाले सगळ्यात आधी हेच तपासतात. आमच्या गाडीचे मागचे आउटरिगर जवळजवळ उरलेच नव्हते. पोकळीत फोम आणि वर्तमानपत्रं कोंबली होती, वरून फायबरचं कापड चिकटवलं होतं आणि त्यावर तो काळा थर. हाताने दाबलं तर घट्ट लागायचं.

ती वर्तमानपत्रं मुलीने फेकली नाहीत. एकेक पान उलगडून वाळवलं. एका पानावर तारीख होती, आणि ती या विक्रेत्याने गाडी विकत घेतल्याच्या तारखेनंतरची होती. त्याच्या खरेदीची पावती त्यानेच आम्हाला कागदांत दिली होती. “मला अशीच मिळाली, मला काय माहीत” हे त्याचं पुढचं उत्तर त्या एका पानाने खोटं पाडलं. गाडी खोलताना निघालेला कचरासुद्धा फोटो काढून, पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून ठेवावा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

मग छताकडे वळलो. काचेच्या चौकटीची वरची पट्टी घासली तेव्हा पुट्टीखालून बोल्टची बुजवलेली भोकं निघाली. मागच्या पट्टीवरही तीच. म्हणजे या गाडीला पूर्वी लोखंडी छत होतं. टपाची फ्रेम जिथे धरली जाते तिथे मात्र ती कधी बसवल्याची खूणही नव्हती. काही महिन्यांनी ‘क्रोम केलेली’ फ्रेम आली, ती जीपच्या टपाचे पाइप वाकवून बनवलेली. गाडीवर ती बसतच नाही.

इंजिन उद्यमनगरात बोअर मोजायला नेलं. इंग्लंडच्या ११४७ सीसी हेराल्डचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६९.३ मिलिमीटर असतो, ९४८ सीसीचा ६३. आमचा बोअर भरला ६३.५, म्हणजे झिजल्यावर एकदा बोअर वाढवलेलं ९४८ सीसी इंजिन, आपल्याकडच्या स्टँडर्ड हेराल्डला असायचं तेच. साठ वर्षांत इंजिन बदललेलं असू शकतं, त्यामुळे एवढ्या एका मापावर मी कुणाला खोटं ठरवलं नसतं. पण बल्कहेडवरची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची) नंबराची पट्टी नव्याकोऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पॉप रिबेटने, म्हणजे मागाहून बसवलेली होती, आणि बऱ्याच तगाद्यानंतर मूळ आरसी हातात आलं तेव्हा त्यात कंपनीच्या जागी स्टँडर्ड आणि बॉडीच्या जागी सलून, म्हणजे पक्क्या छताची गाडी, असं लिहिलेलं होतं. आम्हाला दिलेल्या झेरॉक्सवर नेमकी तीच ओळ फिकट होऊन गेली होती.

बॉडीच्या प्रकाराचा तो एक शब्द किती महाग पडतो, ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने जशी गाडी बनवली त्याच्याशी आरसीतला तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. छत कापलेली गाडी पासिंगला नेली की अडकते. दुसरा रस्ता व्हिंटेज नोंदणीचा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने त्याचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी त्यात बसते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २० हजार आणि मुदत १० वर्षं. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. चॅसीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी व्हिंटेज धरलीच जात नाही. विक्रेत्याने “व्हिंटेज नंबर सहज मिळेल” असं सांगून आमच्याकडून जादा किंमत घेतली होती. जी गाडी त्याने विकली तिला तो नंबर मिळणं शक्यच नव्हतं आणि या धंद्यात असलेल्या माणसाला हे माहीत नाही यावर माझा विश्वास नाही.

फोन केला तेव्हा तो आधी हसला. “काका, शिकायलाच घेतलीय ना? मग शिका की.” त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. ओळखीचे काही लोक मला म्हणाले, एवढी वर्षं कारखान्यात काढली, तुम्हाला कसं कळलं नाही? मला हा प्रश्न मान्य नाही. पुट्टी, फायबर आणि डांबर हे डोळ्याला आणि हाताला चकवण्यासाठीच लावलेलं होतं. ज्याने ते लावलं, जाब त्यालाच विचारला पाहिजे.

वकिलांकडून कळलेल्या दोन-तीन गोष्टी इतरांच्या उपयोगाच्या आहेत. विकणारा व्यवसाय म्हणून गाड्या विकत असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तक्रार करता येते आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे, नुसते फोन करत बसलं तर ती निघून जाते. एखाद्या घरगुती मालकाकडून गाडी घेतली असेल, तर हा रस्ता सहसा बंद असतो. तिथे दिवाणी दावा किंवा पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुरावा म्हणून द्यायचे असतील, तर सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे ज्या मोबाइलवर ते आले तो विकू नका, बदलू नका.

आता गाडी बघायला जायची वेळ आली, तर मी विक्रेत्याने दाखवलेल्या गंजाकडे पाहणारच नाही. गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घ्यायला लावेन. खालचा काळा थर ताजा, एकसारखा आणि चिकट दिसला की तो माझ्यासमोर तीन ठिकाणी खरवडू द्या म्हणेन, आणि ठिकाणं मी निवडेन. टपाच्या गाडीला एका बाजूने जॅक लावून दाराच्या फटी बघायच्या. जॅक चढताना फट आवळत गेली किंवा दार अडलं, तर चॅसीत दम उरलेला नाही. रंगाची जाडी मोजायचं मीटर हल्ली बऱ्याच डेंटरकडे असतं. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, हजाराच्या वर आकडा गेला की खाली पुट्टीच. आणि मूळ आरसी प्रत्यक्ष हातात घेऊन बॉडीचा प्रकार वाचल्याशिवाय विसार द्यायचा नाही. मालक एजंटचं नाव सांगत असेल, तर एजंटकडे जाऊन वाचायचं.

आमची हेराल्ड परसात आहे. मुलीने ती खोलणं थांबवलं नाही, फक्त आयोगाने पाहणी मागितली तर अडचण नको म्हणून चॅसीला आणि काचेच्या चौकटीला हात लावलेला नाही. कुजलेल्या दाराचं खालचं पातं तिने स्वतः १८ गेजच्या पत्र्यातून काढून वेल्ड केलं.

एक विनंती आहे. मुंबईकडून गेल्या काही वर्षांत कुणी टपाची हेराल्ड घेतली असेल आणि नंबराची पट्टी पॉप रिबेटने बसवलेली असेल, तर काचेच्या चौकटीची वरची पट्टी थोडी घासून बघा. भोकं निघाली, तर काही दुरुस्त करायच्या आधी फोटो काढा, विक्रेत्याच्या खरेदीची आणि तुमच्या खरेदीची तारीख एका कागदावर लिहा आणि मला कळवा. सारखी तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र दाद मागता येते, आणि आमच्या वकिलांची त्याला तयारी आहे.