केगमध्ये वायू मुरवावा कसा: आठवडाभर थांबून, दोन दिवसांत की हलवून?

घरच्या आले-लिंबू पेयाला किंवा कोकमाला गोटी सोड्यासारखी फसफस आणण्यासाठी 19 लिटरचा स्टीलचा केग (दाब सहन करणारे बंद पिंप), कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि रेग्युलेटर घेण्याचा विचार बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अनेक जण करू लागले आहेत. ही सामग्री मुळात घरगुती बिअर बनवणाऱ्यांची आहे आणि तिच्याविषयीचे बहुतेक सल्लेही बिअरसाठीच दिलेले असतात. कर्नाटक अबकारी अधिनियम 1965 नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, त्यामुळे येथे विचार बिनमद्य पेयांचाच केला आहे. मात्र बिअरसाठीचा सल्ला जसाच्या तसा उचलला, तर निवड चुकण्याचा संभव आहे.

द्रवात किती वायू मुरेल हे दोनच गोष्टींवर ठरते: थंडावा आणि दाब. 4 अंशांना जितका वायू मुरतो, त्याच्या साधारण निम्माच 25 अंशांना मुरतो, म्हणून केग आधी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून पूर्ण गार करणे ही तिन्ही पद्धतींची पहिली अट आहे. बिअरला लिटरमागे सुमारे अडीच लिटर वायू पुरतो आणि त्यासाठी 4 अंशांना 12 पीएसआय (दर चौरस इंचावरील पौंड, दाबाचे एकक) दाब लागतो. सोड्याला साडेतीन लिटर तरी हवा आणि त्यासाठी 22 ते 23 पीएसआय लागतात. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर असल्याने येथे हवेचा दाब कमी असतो आणि मापकावरचा दाब एक पीएसआयहून थोडा अधिक वाढवून ठेवावा लागतो, म्हणजे आपल्याकडे साधारण 24.

पहिली पद्धत सावकाशीची आहे. दाब 24 वर लावायचा, जोडण्यांवर साबणाचा फेस लावून गळती तपासायची आणि सात-आठ दिवस केगला हात लावायचा नाही. पेय त्या दाबाला जेवढा वायू घेऊ शकते तेवढा घेऊन थांबते, म्हणून अतिरेक होऊच शकत नाही.

दुसऱ्या पद्धतीत 30 पीएसआयवर एक ते दोन दिवस ठेवून दाब नेहमीच्या पातळीवर आणतात. बिअरवाल्यांना ही प्रिय आहे आणि त्याला कारणही आहे, कारण 12 च्या जागी 30 लावल्याने त्यांचा बराच वेळ वाचतो. पण केग विसरला तर बिअरचा नुसता फेस होतो. आपल्याला मुळातच 24 हवे असल्याने 30 लावून मिळणारा फायदा त्या मानाने थोडा आहे आणि धोकाही तसाच थोडा आहे. लग्नकार्य चार दिवसांवर आले असेल तर ही पद्धत खुशाल वापरावी.

तिसरी पद्धत हलवण्याची. 30 पीएसआय लावून केग मांडीवर आडवा घेऊन पंधरा-वीस मिनिटे डोलवला की वायू भराभर मुरतो आणि आत शिरणाऱ्या वायूची सळसळ हळूहळू मंदावत गेलेली ऐकू येते. तासाभरात पेय देता येते, पण नेमका किती वायू मुरला हे सांगता येत नाही. मी एकदा हलवून झाल्यावर नळी न काढताच रेग्युलेटरचा दाब उतरवला. केगमधला दाब जास्त राहिल्याने कोकम उलटे नळीतून वर चढले आणि मापकाच्या काचेमागे लाल थेंब दिसू लागला. साखरेच्या पाकाने आतला पडदा चिकटला आणि रेग्युलेटर बदलावा लागला. या पद्धतीचा विचार असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवल्याशिवाय सुरुवात करू नये.

सूक्ष्म छिद्रांच्या दगडातून वायू सोडण्याचाही एक मार्ग आहे, परंतु आल्याचा चोथा ती छिद्रे बुजवतो, म्हणून तो मी सुचवणार नाही.

वायूच्या खर्चात या पद्धतींत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. अठरा लिटर पेयात अवघा सव्वाशे ग्रॅम वायू मुरतो. सिलिंडर लवकर संपत असेल तर दोष बहुधा गळतीचा असतो. बंद खोलीत अशी गळती जिवावर बेतू शकते, म्हणून सिलिंडर हवेशीर जागी, उभा आणि साखळीने बांधलेलाच असावा.

ज्यांच्याकडे केग मावेल असा फ्रीज आहे आणि आठवडाभर थांबण्याची तयारी आहे, त्यांनी पहिलीच पद्धत घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. वीज वरचेवर जाणाऱ्या गावांत तर ती अधिकच सोयीची ठरते, कारण केग थोडा तापून पुन्हा गार झाला तरी पेय आपोआप त्याच पातळीवर येते. हलवून तयार केलेल्या केगमध्ये नक्की कोठे पोहोचलो होतो याचाच पत्ता नसतो.

कोकणातून येणारे कोकम वापरताना केगमध्ये आगळ न घालता अमृत कोकमच घालावे. आगळात मीठ असते, आणि आंबटपणाच्या जोडीने मीठ स्टीललाही बारीक खड्डे पाडते. चवीपुरते मीठ पेल्यात आधी टाकून वरून पेय सोडू नये, कारण मिठाच्या कणांवर फेस उसळतो. पेला भरल्यावर चिमूटभर घालून हलकेच ढवळावे.