रोरस्ट्रांडची स्टोनवेअर फुलदाणी: आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात स्टोनवेअरची, म्हणजे खूप तापवून दगडासारखी घट्ट भाजलेल्या मातीची, ही फुलदाणी घेतली, तेव्हा दर शनिवारी ताजी फुलं आणायची असं ठरवलं होतं. आता ती बहुतेक रिकामीच असते, आणि मला तशीच आवडते.

उंची २१ सेंटिमीटर. बुडाशी हाताने कोरलेलं ‘आर’, तीन मुकुट आणि ‘सीएचएस’. म्हणजे कार्ल-हॅरी स्टोलहाने, १९३९ पासून १९७३ पर्यंत रोरस्ट्रांड या स्वीडिश कंपनीचे कलाकार. कंपनी १७२६ ची, हा नग तिच्या लिदशोपिंग गावच्या कारखान्यातला.

माझा जीव जडला तो झिलईवर, म्हणजे भाजताना मातीवर बसणाऱ्या काचेसारख्या थरावर. खांद्यावर गडद तपकिरी रंग, आणि तिथून खाली सशाच्या लवेसारख्या पिवळसर बारीक रेघा. ही पद्धत मूळची चीनमधली, सोंग राजघराण्याच्या काळातल्या चहाच्या वाट्यांवरची. झिलईत लोह असतं; भट्टीत ती वितळून ओघळते तशा लोहाच्या रेघा उमटतात. काठावर झिलई पातळ झाली आहे, तिथे रंग तांबूस दिसतो. चकाकी अजिबात नाही. बोट फिरवलं की नदीतल्या गोट्याची आठवण होते.

डिसेंबरात इथे साडेतीनच्या आसपास सूर्य मावळतो. दुपारचं आडवं ऊन आलं की फुगीर पोट उजळायचं आणि बारीक मानेची लांब सावली भिंतीवर पडायची. रोज चहा घेताना मी तेवढंच बघत बसायचे. ट्यूलिप लावून पाहिले, पण तोंडात करंगळीही जात नाही, आणि फुलांच्या भाराने ती मान झाकून जाते. एप्रिलमध्ये बर्चची एकच फांदी ठेवली, ती मात्र शोभली.

पाणी चार दिवस राहिलं तर आत वास धरतो. ब्रश जात नाही. आईने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, मूठभर तांदूळ नि कोमट पाणी घालून खळखळव, तेलाची बाटली धुतो तशी. लख्ख निघाली.

बुडाला झिलई नाही, ते खरखरीत आहे. सागवानी कपाटावर सरकवताना ओरखडा उठला, त्याचं फार वाईट वाटलं. आता खाली नमद्याची चकती आहे.

रोज गुच्छ लावायचा असेल तर रुंद तोंडाची बघा. आणि कोणतीही घेताना काठावरून नख फिरवाच: विकणाऱ्याने ‘एकदम अखंड’ म्हणून दिलेल्या माझ्या फुलदाणीचा बारीक टवका घरी आल्यावर नखालाच लागला.