भाच्याची किडनी बायोप्सी आणि ईएम रिपोर्ट: 4 स्टार, एक का कापला तेबी वाचा

आम्ही परभणीकडचे. भाचा 14 वर्षांचा, ताप आला की लघवी काळ्या चहासारखी व्हायची, प्रोटीनबी जायचं. एका डॉक्टरनं बायोप्सी न करताच स्टिरॉईड चालू केलं, लेकराचं तोंड फुगून पुरीसारखं झालं, फरक मात्र काहीच नाही. शेवटी संभाजीनगरला दुसऱ्या किडनीवाल्या डॉक्टरांकडं नेलं, ते म्हणले बायोप्सी करू आणि ईएमसकट करू, तेव्हा ही मुंबईची लॅब घेतली.

ईएम म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. साध्या मायक्रोस्कोपला उजेडामुळं एक हद्द असते, साधारण 200 नॅनोमीटरच्या आतलं त्याला वेगळं दिसत नाही, आणि किडनीच्या गाळणीचा पडदाच मोठ्या माणसात 300-400 नॅनोमीटरचा, मग त्याच्या आतली वीण काय दिसणार.

आता मेन गोष्ट. बायोप्सीचा तुकडा तीन ठिकाणी जातो: साध्या तपासणीला फॉर्मालिनमध्ये, आयएफसाठी (इम्युनोफ्लुरोसन्स, चमकणारा रंग लावून तुकड्यात अँटिबॉडी साचल्यात का ते बघतात) वेगळ्या द्रावणात आणि ईएमसाठी ग्लुटाराल्डिहाइडमध्ये. हे तिसरं सगळीकडं नसतंय. मी आदल्या आठवड्यात फोन केला म्हणून कळलं की हॉस्पिटलात फक्त फॉर्मालिनच हाय. लॅबनं दोन दिवसात किट पाठवलं. त्यात बोटाएवढी बाटली, वर तारीख, आणि चिठ्ठी की थंड ठेवा पण गोठवू नका. रात्री सिडकोत आत्याकडं मुक्काम, तिनं ती बाटली झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली, वर खडूनं 'औषध, हात लावू नये' लिहिलं, आणि आम्ही दोघंबी रात्री दोनदा उठून बघून आलो बर्फ तर धरला नाही ना. फॉर्मालिनमधला किंवा मेणातला तुकडा नंतर काढूनबी ईएम करता येतो म्हणे, पण पडद्याची जाडी मग भरवशाची राहत नाही, आणि आमच्या केसमध्ये जाडीवरच सगळं होतं.

पहिला रिपोर्ट सहा दिवसात आला. त्यात काहीच नाही! आयएफ निगेटिव्ह, साध्या तपासणीत किरकोळ, खाली 'ईएम बाकी'. ताई तर म्हणली पैसे पाण्यात गेले. मग 19 व्या दिवशी ईएम आला. एवढा उशीर काहून म्हणून मी जरा चिडूनच विचारलं तर तिथल्या टेक्निशियन ताईंनी नीट सांगितलं की तुकडा ऑस्मियममध्ये घालायचा, रेझिनमध्ये घट्ट करायचा, मग हिऱ्याच्या सुरीनं साधारण 70 नॅनोमीटरचे काप काढायचे, केसाच्या हजाराव्या भागाएवढे पातळ, ते तांब्याच्या बारक्या जाळीवर घ्यायचे. मग मीच गप बसलो.

फोटो सगळे करडे, रंग नाही. डॉक्टरांनी पेन टेकवून दाखवलं, पडदा कुठं पातळ कुठं जाड, आणि जाड जागी पदर सुटून दुरडीच्या विणीसारखा झालेला. अल्पोर्ट नावाचा आजार निघाला. आनुवंशिक, स्टिरॉईडचा उपयोग नाही, ते कमी करत करत बंद केलं आणि प्रोटीन कमी करायची प्रेशरची गोळी दिली. ह्या आजारात कानावरबी परिणाम होतो म्हणून लगेच कानाची तपासणी सांगितली, तर बारीक आवाज ऐकू येत नाहीत असं निघालं. आम्ही दोन वर्षं टीव्ही मोठ्यानं लावतोय म्हणून लेकराला रागवायलो होतो.

आणि माझा थोरला भाऊ पंचविशीत किडनीनंच गेला, तेव्हा बायोप्सीच नव्हती झाली. आता डॉक्टरांनी ताईची लघवी तपासली, तिच्यातबी रक्त.

सगळ्यांनी ईएम करायची गरज नाही बरं का, आयजीएसारखे (आयजीए नावाची अँटिबॉडी किडनीत साचते ते) आजार आयएफवरच बऱ्यापैकी कळतात, उगं खर्च वाढवू नका. पण लेकरू लहान, घरात किडनीचा इतिहास, साध्या रिपोर्टात काही नाही, तर करा. तुकडा घेतानाच बाटली हवी, एवढं आदल्या आठवड्यात विचारून घ्या.

स्टार कापला तो फोनसाठी. 20-20 मिनिटं गाणं वाजायलंय, माणूस येतच नाही. आणि छापील रिपोर्टात फोटो नुसते काळे ढग दिसतात, पीडीएफ मागून घ्या, मागितली की त्याच दिवशी मेल करतात.