फ्लाय रॉड घेऊन सहा महिने: साउथ ब्रँचवरचा उन्हाळा

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फ्लाय फिशिंगचा संच घेतला, आता सप्टेंबर संपत आलाय. या काळात मोजून एकतीस वेळा नदीवर गेलो. मोजून म्हणजे खरंच मोजून, वहीत तारखा आहेत. वही बायकोच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवली आहे. घेण्याआधी मराठीत कुणी काही लिहिलंय का म्हणून बरंच शोधलं. काहीच सापडलं नाही, म्हणून हा उपद्व्याप.

संच असा: नऊ फुटी, चार तुकड्यांचा, पाच नंबरी वजनाचा कार्बनचा रॉड, सोबत रीळ, तरंगणारी लाइन आणि एक लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडायची बारीक दोरी. सगळं मिळून २२० डॉलर. कंपनीचं नाव देत नाही. या किमतीत तीन-चार कंपन्यांचे संच सारखेच दिसतात, आणि शिवाय पुढे मी थोडी कुरकुर करणार आहे. नदी म्हणजे न्यू जर्सीतली रॅरिटनची दक्षिण शाखा, इथे सगळे नुसतं साउथ ब्रँच म्हणतात. बड लेकमधून निघते आणि कॅलिफॉन ते हाय ब्रिज या पट्ट्यात केन लॉकवूड गॉर्ज नावाच्या दगडगोट्यांनी भरलेल्या घळीतून खाली येते. एडिसनहून शनिवारी पहाटे निघालं की उजाडेपर्यंत पोचतो. परवान्याचे साडेबावीस डॉलर आणि ट्राउट मासे धरायच्या परवानगीच्या शिक्क्याचे वेगळे साडेदहा भरले. घळीत फक्त कृत्रिम आमिष चालतं, गांडूळ नाही.

मी मूळचा चिपळूणचा. मामाबरोबर वाशिष्ठीवर गरवायला जायचो, त्यामुळे मासे धरण्यातलं थोडंफार कळतं असा माझा समज होता. तो पहिल्याच दिवशी गेला. गरीला आमिष लावायचं, वर शिशाचा तुकडा, आणि भिरकावून द्यायचं. वजन पुढे जातं, दोरी त्याच्यामागे ओढली जाते. इथे सगळं उलट. फ्लाय म्हणजे हूकवर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी, तिला वजन असं नाहीच. वजन असतं ते लाइनला. पाच नंबरी म्हणजे लाइनच्या पहिल्या तीस फुटांचं वजन १४० ग्रेन, साधारण नऊ ग्रॅम. हे नऊ ग्रॅम हवेत मागे नेऊन, सरळ होऊ देऊन, मग पुढे आणायचे. माशी आपली शेपटासारखी मागोमाग येते.

"सरळ होऊ देऊन" हे तीन शब्द शिकायला मला तीन आठवडे लागले. घरामागच्या पार्कात लीडरच्या टोकाला लोकरीचा गोंडा बांधून सराव करायचो. शेजारच्या गुजराती कुटुंबातला मुलगा रोज विचारायचा, अंकल, पतंग कुठाय? मागची लाइन पूर्ण ताणली जायच्या आधीच हात पुढे आणला की पोतराजाच्या आसुडासारखा सट्‌कन आवाज येतो. पार्कात तो आवाज ऐकायला मजा येते. नदीवर त्याचा अर्थ एवढाच, की दोन डॉलरची माशी तुटून झाडीत गेली. पहिल्या महिन्यात अशा एकवीस गेल्या.

रॉडबद्दल माझं मत: वीस ते चाळीस फुटांत तो सुरेख चालतो. पन्नासच्या पुढे टोक डगमगायला लागतं, पण या नदीवर पन्नास फूट टाकायची वेळच येत नाही. उलट घळीत डोक्यावर झाडं, मागे कडा, तिथे नऊ फूटसुद्धा जास्त वाटतात. मागे काही न नेता पाण्यावरूनच लाइन पुढे लोटायची, ज्याला रोल कास्ट म्हणतात, ती या रॉडने छान जमते. माझे निम्मे मासे त्याच फेकीचे आहेत.

खटकलेल्या गोष्टी. तुकडे जिथे एकमेकांत बसतात तो सांधा तासाभरात सैल होतो. मे महिन्यात एकदा फेक मारली आणि वरचा तुकडा माशीसकट प्रवाहात. लाइनमध्ये ओवलेला होता म्हणून परत आला. तेव्हापासून सवय लावून घेतली आहे, दर अर्ध्या तासाने तिन्ही सांधे पिळून बघायचे. मुठीच्या बुचातली भरणी चार ठिकाणी निघून खड्डे पडलेत. दिसायला वाईट, पकडायला काही फरक नाही. रीळ साधं आहे, पण बारा इंची माशाला रीळ लागतंच कुठे? लाइन हातानेच ओढायची. अकरा इंचांच्या माशासाठी लोक तीनशे डॉलरचं रीळ का घेतात हे मला अजून उमगलेलं नाही.

लाइन मात्र मी स्वतःच्या हाताने खराब केली, ते सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. इथल्या झाडीत गोचिड्या फार, लाइम रोगाची भीती, म्हणून डीट (किडे पळवणारं रसायन) असलेला फवारा पायांना चोळला आणि त्याच हातांनी लाइन ओढत बसलो. डीट प्लास्टिक विरघळवतं. आठवड्याभराने पहिले दहा फूट चिक्कीसारखे चिकट, रॉडच्या कड्यांतून सरकेचनात. नवी लाइन पंचेचाळीस डॉलर. आता फवारा घरीच पँटीवर मारतो आणि नदीवर उतरण्याआधी हात साबणाने धुतो.

दुसरा अपघातही माझाच. जूनमध्ये गाडीची डिकी लावली ती थेट रॉडच्या टोकावर. बडीशेप चावावी एवढाच आवाज आला. हमी होती, टोक पाठवा म्हणाले, वर पस्तीस डॉलर हाताळणी खर्च. पाच आठवडे लागले, दोन वेळा फोन केला तर दोन वेगळी उत्तरं मिळाली. नवं टोक आलं ते पोपटी, बाकीचे तीन तुकडे गडद हिरवे. चालतं नीट, पण नदीवर कुणी बघितलं की मला उगाच खुलासा करावासा वाटतो. संचाबरोबर कडक नळी मिळते तीच वापरा. मी ती घरी ठेवून कापडी पिशवीत रॉड फिरवत होतो.

आता मुख्य गोष्ट, जी दुकानात मला कुणीच सांगितली नाही. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी ६८ फॅरनहाइटच्या, म्हणजे २० सेल्सिअसच्या वर गेलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो, आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. अशा पाण्यात ओढाताण करून आणलेला मासा आपण सोडतो, तो शेपटी हलवत जातो, आपण खूश. आणि तासाभराने कुठेतरी खालच्या डोहात पांढरं पोट वर करून तरंगतो. एप्रिल-मेमध्ये हा प्रश्न नसतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत न्यू जर्सीत तो रोजचा असतो.

म्हणून चौदा डॉलरचा थर्मामीटर घेतला, पितळी नळीतला, दोरीला बांधून कमरेला लटकवायचा. रॉडपेक्षा तो जास्त वेळा पाण्यात गेला असेल. मोजायचं ते गुडघाभर वाहत्या पाण्यात, सावलीत, दोन मिनिटं थांबून. काठाच्या उथळ पाण्यात मोजलं तर आकडा फसवतो. जुलैच्या दुसऱ्या शनिवारची वहीतली नोंद अशी आहे: पावणेसहाला ६४, साडेसातला ६५, नऊला ६७, दहा वाजून दहा मिनिटांनी ६८. तिथे लाइन गुंडाळली. समोरच्या खडकामागे एक मासा दर दोन मिनिटांनी वर येऊन काहीतरी टिपत होता आणि मी काठावर बसून थर्मासमधला चहा पीत त्याच्याकडे बघत होतो. फार वाईट वाटतं हो. पण नियम स्वतःच घातलाय तर कुरकुर कोणाकडे करणार?

ऑगस्टच्या उष्णतेच्या लाटेत तीन शनिवार पहाटेच आकडा ७० दाखवत होता. दोनदा तसाच परत आलो. तिसऱ्यांदा शहाणपण सुचलं आणि गाडी खालच्या अंगाला नेली. तिथे पाणी संथ आणि कोमट, स्मॉलमाउथ बास आणि लाल छातीचे सनफिश भरपूर, आणि त्यांना ७५ अंशही चालतात. तोच रॉड, थोडी मोठी माशी. सनफिश तळहाताएवढा, पण असा आडवा होऊन ओढतो की पाच नंबरी रॉड अर्धवर्तुळ होतो. ज्यांना मुलांना सोबत न्यायचंय त्यांनी ट्राउटचा नाद सोडावा आणि इथूनच सुरुवात करावी.

गरम दिवसांत थंड ओढे नदीला मिळतात त्या मुखाशी ट्राउट गोळा होतात, दहा-पंधरा एका जागी, पंख्याखाली बसल्यासारखे. तिथे टाकलं तर हमखास लागतील. टाकू नका.

माश्या कोणत्या, हा प्रश्न मला पहिल्या दिवशी फार मोठा वाटला होता, दुकानातल्या डब्यात पाचशे प्रकार होते. प्रत्यक्षात माझा उन्हाळा सहा प्रकारांवर निघाला. मे अखेर ते जूनच्या संध्याकाळी पिवळसर सल्फर, १६ नंबरच्या हूकवरची. दगडाखालच्या अळीसारखी दिसणारी फेझंट टेल, ती बुडवून चालवायची. एल्क हेअर कॅडिस खळखळत्या पाण्यात. पॅराशूट ॲडम्स, काहीच सुचेना तेव्हा. आणि जुलैपासून मुंगी आणि भुंगेरा. शेवटचे दोन कुणी मनावर घेत नाही, पण उन्हाळ्यात काठावरच्या फांद्यांवरून खरोखरच मुंग्या पडत असतात, आणि मासा फांदीखाली तोंड वर करून त्याचीच वाट बघत असतो. लीडरच्या टोकाला, जिथे माशी बांधतात तो सगळ्यात बारीक दोरा म्हणजे टिपेट, ते ५एक्स पुरतं. ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरतील तेवढे हजारांश इंच जाडी. म्हणजे ५एक्स सहा हजारांश.

एक मासा सांगतोच. जूनची अखेर, साडेसहा, ६३ अंश. आडव्या पडलेल्या झाडाखाली काळी मुंगी सोडली. ती फूटभर वाहत गेली आणि जिथे होती तिथे नुसतं बशीएवढं वर्तुळ उरलं. आवाज नाही, उसळी नाही. हात उचलला तर दुसऱ्या टोकाला कुणीतरी जिवंत होतं. मिनिटभरात जाळीत आला: ब्राउन ट्राउट, अकरा इंच, लोण्याच्या रंगाचं पोट, अंगावर काळे ठिपके आणि प्रत्येक तांबड्या ठिपक्याभोवती निळसर कडं. यांचे पूर्वज १८८३ मध्ये जर्मनीहून अंड्यांच्या रूपात अमेरिकेत आले, म्हणजे तोही माझ्यासारखा बाहेरूनच आलेला. हात ओले केले, हूकचा काटा आधीच चिमट्याने दाबून टाकलेला, त्यामुळे तो नुसता वळवताच सुटला. तोंड प्रवाहाकडे करून धरलं. चार श्वास घेतले त्याने, आणि बोटांतून गेला.

मामाला व्हिडिओ पाठवला. लगेच फोन. "अरे, सोडलास? सोडायचा होता तर धरलास कशाला?" मी ऑक्सिजन, तापमान, संवर्धन सगळं सांगितलं. मामाने शांतपणे ऐकून घेतलं आणि मामीला ओरडून म्हणाला, "अगं, तो तिकडे माशांना अंघोळ घालायला जातो!"

बुटांचं थोडक्यात. एप्रिलमध्ये छातीपर्यंतचे वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, घेतले, दीडशे डॉलर, जूनपर्यंत डाव्या गुडघ्याच्या शिवणीतून पाणी यायला लागलं. पण तोवर उकाडाही सुरू झाला होता. उन्हाळ्यात वेडर लागतच नाहीत. अर्धी पँट, निओप्रीनचे (रबरासारख्या कापडाचे) मोजे आणि पाण्यात चालायचे बूट घालून थेट उतरायचं. नमद्याच्या तळाचे बूट शेवाळावर उत्तम पकडतात, पण त्यांत अडकून एका नदीतली घाण दुसरीत जाते. मेरीलँडने २०११ पासून त्यांवर बंदीच घातली. मी रबरी तळाला खिळे ठोकलेले घेतले, घसरण निम्म्यावर आली. निम्म्यावरच. काठी सोबत ठेवा. हाय ब्रिजजवळच्या सरकारी मापकावर प्रवाह बघून निघायचं: सेकंदाला साठ ते शंभर घनफूट असेल तर मी निवांत उतरतो, अडीचशेच्या वर काठावरूनच परत.

एकतीस फेऱ्यांत ट्राउट चौऱ्याहत्तर, त्यातले जवळपास साठ जुलैच्या आधीचे. रॉड बदलायचा विचार आहे का? नाही. घळीसाठी साडेसात फुटी, तीन नंबरी एक जास्तीचा घ्यावा असं मनात आहे, पण पंचेचाळीस अधिक पस्तीस अधिक वेडरचे दीडशे, हा हिशेब घरी नुकताच उघडकीस आला आहे, त्यामुळे तूर्त तो विषय बंद. गेल्या शनिवारी साडेसहाला पाणी ५९ होतं आणि अकरा वाजले तरी ६३च.