टँडीची डिस्क ड्राइव्ह आणि नवी पेठेतील कारागीर

टँडी कंपनीच्या मॉडेल १०२ या जुन्या पोर्टेबल कॉम्प्युटरला जोडायची बाहेरची डिस्क ड्राइव्ह सोलापुरात दुरुस्त होते, मात्र कॉम्प्युटरच्या दुकानात नव्हे, तर टेपरेकॉर्डर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याकडे. हा अभिप्राय त्या दुरुस्तीविषयी आणि काही प्रमाणात त्या ड्राइव्हविषयीही आहे. दुकान नवी पेठेत आहे. त्याला पाटी नाही आणि मालकांना आपले नाव कुठे छापून आलेले आवडत नाही, म्हणून ते येथे दिलेले नाही.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख आवश्यक आहे. टँडीचे मॉडेल १०० हे १९८३ साली बाजारात आले. ते जपानच्या क्योसेरा कंपनीने बनवले होते आणि त्याच्या रॉममधील (कायमस्वरूपी मेमरीतील) बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कामात स्वतः बिल गेट्स यांचा हात होता. १९८६ साली आलेले मॉडेल १०२ हे त्याचेच अधिक सडपातळ आणि हलके रूप. चाळीस अक्षरांच्या आठ ओळी दाखवणारा पडदा, टाइपरायटरच्या तोडीचा कीबोर्ड, चार पेन्सिल सेलवर चालण्याची सोय आणि २४ किलोबाइट मेमरी, जी वाढवून ३२ पर्यंत नेता येते, इतकाच त्याचा संसार. बातमीदारांमध्ये ते लोकप्रिय होते, कारण घटनास्थळी मजकूर टाइप करून फोनच्या लाइनवरून तो थेट कचेरीत पाठवता येत असे. मेमरी भरली की मजकूर कॅसेटवर उतरवावा लागे, आणि कॅसेटवरचा एखादा मजकूर शोधायचा म्हणजे टेप पुढे-मागे करत बसणे आले.

ही अडचण दूर करण्यासाठी टँडीने पोर्टेबल डिस्क ड्राइव्ह विकायला काढली. तिची खरी निर्माती शिवणयंत्रांसाठी आपल्याकडे परिचित असलेली ब्रदर ही कंपनी. याच जातीची ड्राइव्ह ब्रदरने एफबी-१०० या नावाने आपल्या विणकामाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांसाठीही विकली आणि नक्षीचे नमुने तिच्यातील फ्लॉपी चकत्यांवर साठवले जात. जेकार्ड मागाच्या पंचकार्डांवर, म्हणजे भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर, चादरीची नक्षी चढवणाऱ्या सोलापुरासारख्या गावात ही गोष्ट कोणाला फारशी समजावून सांगावी लागत नाही. ड्राइव्हमध्ये साडेतीन इंची फ्लॉपी बसते आणि तिच्या एकाच बाजूवर १०० किलोबाइट मजकूर मावतो. आजच्या हिशेबात ही जागा नगण्य आहे, परंतु ज्या यंत्राची सगळी मेमरी भरली तरी ३२ किलोबाइट होते, त्याची तीन भरलेली पोटे एका फ्लॉपीत रिकामी करता येतात.

माझ्या हाती आलेली ड्राइव्ह सुरू होत होती, दिवा लागत होता, मोटरचा आवाजही येत होता. चकती मात्र जागची हलत नव्हती आणि जोडणारी केबल मुळातच हरवलेली होती. शहरातील एका कॉम्प्युटर विक्रेत्याने ती हातात न घेताच ‘याचे पार्ट येत नाहीत, पेन ड्राइव्ह घ्या’ असा सल्ला दिला. हा सल्ला या यंत्राच्या बाबतीत निरुपयोगी आहे, कारण मॉडेल १०२ ला यूएसबी नावाची गोष्टच ठाऊक नाही. तेथून बाहेर पडल्यावर एका परिचिताने नवी पेठेतील या कारागिराचे नाव सुचवले.

मालकांनी ड्राइव्ह उलटी केली, स्क्रू काढले, आत पाहिले आणि म्हणाले, “साहेब, हे टेपरेकॉर्डरच आहे की ओ.” हे निदान अचूक होते. या ड्राइव्हमध्ये मोटर चकतीला थेट फिरवत नाही. मधे रबराचा एक पातळ, चपटा पट्टा असतो, आणि तितक्या जुन्या रबराचे जे व्हायचे तेच त्याचे झालेले असते. आमचा पट्टा वितळून डांबरासारखा काळा, चिकट लगदा झाला होता आणि मोटरच्या पितळी पुलीला, चकतीखालच्या मोठ्या चाकाला आणि आजूबाजूच्या पत्र्यालाही माखला होता. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे बोर्ड धुण्यासाठी जे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते, त्यात कापूस भिजवून मालकांनी तो सगळा लगदा काढला. पुलीच्या खाचेतला थर निघेना तेव्हा त्यांनी बांबूची काडी तासून वापरली. लोखंडी टोच्याने पितळेवर ओरखडा पडतो आणि नवा पट्टा त्या ओरखड्यावर घासून झिजतो, हे त्यांनी मी न विचारताच सांगितले.

नव्या पट्ट्यासाठी त्यांनी दोन्ही चाकांभोवती दोरा गुंडाळून माप घेतले आणि टेपरेकॉर्डरच्या पट्ट्यांनी भरलेल्या खणातून चपट्या जातीचे दोन-तीन पट्टे निवडून काढले. चौकोनी छेदाचे पट्टे त्यात भरपूर होते, पण ते येथे चालत नाहीत. या टप्प्यावर घाई करणारा कारागीर जो बसेल तो पट्टा लावून मोकळा झाला असता. पट्टा घट्ट असेल तर मोटर ओढली जाते आणि सेल लवकर उतरतात. सैल असेल तर तो घसरतो, चकतीचा वेग खालीवर होतो आणि लिहिलेला मजकूर नंतर वाचता येत नाही. पहिला पट्टा लावल्यावर मोटरचा आवाज जड झालेला त्यांनी नुसत्या कानाने ओळखला, तो काढला आणि किंचित मोठा पट्टा चढवला. त्यानंतर हेड, म्हणजे चकतीवर लिहिणारा-वाचणारा भाग, कापसाने पुसले, हेड ज्या दांड्यांवरून सरकते त्यांवरचे सुकलेले ग्रीस काढले आणि शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवला. तेलाच्या बाबतीत हात राखून काम करणारे कारागीर विरळाच भेटतात, म्हणून याचा मुद्दाम उल्लेख करतो.

केबलचे काम मात्र टेपरेकॉर्डरच्या पलीकडचे होते, आणि या सेवेची खरी परीक्षा मी तेथेच झाली असे मानतो. मॉडेल १०२ च्या मागे पंचवीस पिनांचा आरएस-२३२ हा जुन्या पद्धतीचा सिरियल पोर्ट असतो. त्यावरचे सिग्नल शून्याच्या वर आणि खाली अशा दोन्ही दिशांना जातात. ड्राइव्हच्या बाजूची जोडणी मात्र साध्या पाच व्होल्टच्या पातळीवर चालते. मूळ केबलच्या टोपणात ही पातळी बदलणारे छोटे सर्किट दडवलेले होते, त्यामुळे नुसत्या तारा जोडून केलेली केबल चालत नाहीच, उलट ड्राइव्हला धोका पोहोचवू शकते. पिनांची आकृती मी छापून नेली होती. मालकांनी ती दोनदा वाचली आणि मॅक्स-२३२ ही चिप, तिच्याभोवतीचे कपॅसिटर आणि वेरोबोर्डचा (सुटे भाग सोल्डर करायच्या भोकांच्या पट्टीचा) अंगठ्याएवढा तुकडा घेऊन ते सर्किट पंचवीस पिनांच्या कनेक्टरच्या टोपणातच बसवले. चिपला लागणारे पाच व्होल्ट त्यांनी ड्राइव्हच्या आतूनच एका वेगळ्या तारेने घेतले आणि ती तार कनेक्टरशेजारच्या मूळ फटीतून बाहेर काढली, त्यामुळे खोक्याला भोक पाडावे लागले नाही. सोल्डरिंग स्वच्छ आहे, प्रत्येक जोडावर स्लीव्ह आहे. तारांचे रंग मात्र हाती येतील तसे वापरले आहेत आणि कोणता रंग कोणत्या पिनेचा याची चिठ्ठी मला नंतर स्वतःच करावी लागली.

यानंतरचे काम कारागिराचे नसून वापरणाऱ्याचे आहे. मॉडेल १०२ च्या रॉममध्ये डिस्कवर मजकूर ठेवण्याची व्यवस्था नाही. त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम आधी मेमरीत आणावा लागतो. ट्रॅव्हलिंग सॉफ्टवेअर कंपनीचा टीएस-डॉस हा त्यांतील सर्वांत सोयीचा, पण तो मेमरीची बरीच जागा अडवतो. एक किलोबाइटच्याही आत मावणारा टीनी हा प्रोग्रॅम दिसायला रुक्ष असला तरी रोजच्या वापरासाठी मला अधिक पसंत पडला. तो आजच्या कॉम्प्युटरवरून यूएसबी-सिरियल अडॅप्टर आणि उलटसुलट जोडणीची केबल वापरून पाठवता येतो. ड्राइव्हवरचे चार डिप स्विच (छोटे खटके) बंद स्थितीत असल्याची खात्री करावी. त्या स्थितीत ती १९,२०० बॉडच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या बिट्सच्या) वेगाने बोलते. फ्लॉपी फॉरमॅट झाली, पाच-सहा फाइल गेल्या आणि परत आल्या, आणि दुसऱ्या दिवशी थंड यंत्रावरही त्या वाचता आल्या.

फ्लॉपीविषयी एक सूचना करणे भाग आहे. बाजारात सापडणाऱ्या बहुतेक फ्लॉपी १.४४ मेगाबाइटच्या, म्हणजे हाय डेन्सिटीच्या असतात. त्यांचा चुंबकीय थर वेगळा असल्यामुळे त्या या ड्राइव्हसाठी भरवशाच्या नाहीत. एकाच कोपऱ्यात चौकोनी छिद्र असलेली डबल डेन्सिटी फ्लॉपीच वापरावी. तसेच या ड्राइव्हवर लिहिलेली फ्लॉपी नेहमीच्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये वाचता येत नाही, कारण तिची आखणीच निराळी आहे. म्हणून महत्त्वाचा मजकूर सिरियल केबलनेच आजच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवावा. केवळ मजकूर साठवणे एवढाच ज्यांचा हेतू असेल त्यांनी आजच्या कॉम्प्युटरलाच या ड्राइव्हचे सोंग घ्यायला लावणारे मोफत प्रोग्रॅम वापरावेत. त्यांना पट्टाही लागत नाही आणि फ्लॉपीही. ड्राइव्ह दुरुस्त करून घ्यावी ती ज्यांना तिचा आवाज आणि तिची चाल हवी आहे त्यांनी, आणि मी त्यांतला आहे.

सेवेत उणिवाही आहेत. काम किती दिवसांत होईल याचा शब्द मिळत नाही, पावती मिळत नाही, आणि पट्ट्याची हमी मागितली तर “रबराची हमी कंपनीनं तरी कुठं दिली होती?” असे उत्तर मिळते, ज्यावर बोलण्यासारखे काही उरत नाही. पट्टा, सफाई आणि केबल मिळून मला ९०० रुपये पडले. केबलवर गेलेला वेळ पाहता ही रक्कम कमीच आहे.

तेथे जाताना पिनांची आकृती छापून न्यावी, मोबाइलवर दाखवू नये. मालक कागदावर पेन्सिलीने खुणा करत काम करतात. कॉम्प्युटरही सोबत न्यावा, म्हणजे केबलची चाचणी तेथेच होते, आणि त्याचा अडॅप्टर नेत असाल तर मधली पिन ऋण असल्याचे आधी सांगावे, कारण दुकानातील बहुतेक अडॅप्टर याच्या उलटे आहेत. कॉम्प्युटर उघडण्याची वेळ आलीच तर मेमरी जपणारी आतली निकेल-कॅडमियम बॅटरी गळलेली नाही ना, हे त्याच वेळी पाहून घ्यावे. जानेवारीतले सिद्धेश्वराच्या यात्रेचे, म्हणजे गड्ड्याचे, दिवस शक्यतो टाळावेत. त्या काळात मालकांचा सगळा वेळ लाउडस्पीकर आणि ॲम्प्लिफायर चालू ठेवण्यात जातो आणि टेबलावर आलेली दुसरी कोणतीही वस्तू यात्रा उलगडल्याशिवाय उघडली जात नाही.