‘काका, पाय द्या’ : घरी येऊन पायांची निगा राखणारी सेवा, ठाणे

मधुमेहाला बावीस वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात डाव्या चपलेत खडी शिरली आणि मी ती तशीच घेऊन चरईहून जांभळी नाक्यावर गेलो, भाजी घेतली, परत आलो. बायकोने चप्पल झटकली तेव्हा कळलं. टाचेखाली लाल खळगा पडला होता, मला काहीच जाणवलं नव्हतं. डॉक्टरांनी तळव्याला नायलॉनची तार टेकवून पाहिली. दहापैकी चार ठिकाणी मला स्पर्श कळला नाही. वाकता येत नाही तर पायांसाठी माणूस लावा, म्हणाले. मुलीने ठाण्यातलीच एक सेवा फोनवरून ठरवली. आजवर सहा भेटी झाल्या.

येणारी मुलगी पंचविशीची, दिव्याहून येते. तीन जिने चढून आली की आधी हात धुते, सतरंजीची घडी टाकून खाली बसते आणि म्हणते, “काका, पाय द्या.” टबातल्या पाण्यात स्वतःचं कोपर बुडवून बघते, कारण माझ्या पायाला चटका कळणार नाही. फार वेळ भिजवत नाही. मग टॉवेलचं टोक गुंडाळून दोन बोटांमधली एकेक फट टिपून कोरडी करते, तिथे ओल राहिली की बुरशी धरते. नखं सरळ कापते, कोपरे खोल घेत नाही. क्रीम टाचेला आणि तळव्याला, बेचक्यांत अजिबात नाही. शेवटी तळव्याखाली आरसा धरून मला दाखवते आणि जाताना माझ्या दोन्ही चपलांत हात घालून आतून चाचपते. हे शेवटचं तिला कोणी सांगितलेलं नाही, असं मला वाटतं.

पहिल्या दिवशी ती यायच्या आधी मी मोरीत बसून जमेल तसे पाय घासून ठेवले होते. तरी तिने हात लावला तसा मी पाय मागे ओढला. “राहू दे बाळा, मी करतो.” ती थांबली, काही बोलली नाही, हात तसाच पुढे धरून बसून राहिली.

मी तीस वर्षं आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीत आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझनाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ती सुरू केली. गरिबाला नुसती मदत पाठवायची नाही, त्याच्या दारी जायचं, ही तिची रीत. कोपरीला आम्ही एका म्हातारीकडे दर महिन्याला तांदूळ, डाळ, तेल घेऊन जायचो. ती पिशवी घ्यायची आणि भिंतीकडे बघत बसायची. एकदाही “बसा” म्हणाली नाही. मला ते लागायचं, जोडीदाराजवळ तसं बोललोही होतो. पहिल्या भेटीच्या त्या दिवशी खुर्चीत बसून मी टीव्हीच्या बंद पडद्याकडे बघत होतो, खाली बसलेल्या मुलीकडे नाही. तेव्हा ती भिंत आठवली. म्हातारी आता नाही.

पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने बारा शिष्यांचे धुतले त्याची आठवण म्हणून. त्या विधीला मी दोनदा त्या बारा जणांत बसलो आहे. आम्ही सगळे घरून साबणाने पाय धुऊन, नवे मोजे घालून जातो. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालसुधारगृहात जाऊन तिथल्या मुलामुलींचे पाय धुतले, तेव्हा मला धुणाऱ्याचं मोठेपण दिसलं. त्या पोरांना काय वाटलं असेल, हे मनात आलं नव्हतं. बायबलमधल्या योहानच्या शुभवर्तमानात येशूच्या शेवटच्या भोजनाच्या रात्री भाकर आणि द्राक्षारस देण्याचा प्रसंग नाही, तिथे पाय धुणं आहे. येशू जेवणावरून उठतो, वस्त्र उतरवतो, कमरेला रुमाल बांधतो. शिष्यांचे पाय धुऊ लागतो. त्यांतला पेत्र म्हणतो, माझे नाही. येशू त्याला सांगतो की मी धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. पेत्राचं ते ‘नको’ मी इतकी वर्षं नम्रपणा समजत होतो. आता त्यात मला माझा मागे ओढलेला पाय दिसतो. सेवा करताना मी गुडघे टेकले असतील, पण काय द्यायचं, कधी द्यायचं, हे माझ्या हातात असायचं. खुर्चीत बसलेल्याच्या हातात काहीच नसतं.

आता सेवेचं. एका भेटीचे ६०० रुपये, सहा भेटींचे आगाऊ भरले तर ३,०००. पैशाला काम आहे, पण ते त्या मुलीचं. चौथ्या भेटीला ऑफिसने न विचारता दुसराच माणूस पाठवला, तोही पाऊण तास उशिरा. त्याने पाण्यात कोपर घातलं नाही, मानेत फोन धरून नखं कापली, बोटांत ओल तशीच ठेवून वीस मिनिटांत गेला. फोन केला तर “आमचा सगळा स्टाफ सारखाच ट्रेन्ड आहे” असं उत्तर. ते खरं नाही. ज्यांना ठरवायची असेल त्यांनी चांगला माणूस एकदा मिळाला की तोच हवा असा आग्रह धरावा, टॉवेल आपला ठेवावा. पायाला जखम असेल, काळसर डाग असेल, पाणी येत असेल तर यांना बोलावू नये, थेट डॉक्टरकडे जावं.

पुढची भेट गुरुवारी आहे, तीच येणार आहे. या वेळी मी आधी पाय धुऊन बसणार नाही.